वाऱ्याचा कर

मोटारीत घातलेले पेट्रोल जाते कोठे, असा प्रश्न विचारला तर बहुतेक लोक इंजिनाकडे बोट दाखवतील. उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा मोठा भाग धुराबरोबर व रेडिएटरवाटे निघून जातो, हे खरे. परंतु जो थोडा भाग चाकांपर्यंत पोचतो, तो तरी कोणाच्या पदरात पडतो? शहरात तो बराचसा गाडीच्या वजनाकडे जातो. कारण तेथे दर चौकाला जड गाडी थांबवायची व पुन्हा गतिमान करायची असते. राजमार्गावर, एकसारख्या वेगाने धावताना, मागणीदार मुख्यतः दोन उरतात : एक टायर आणि दुसरा वारा.

टायर दर फेऱ्याला जमिनीपाशी दबतो व पुन्हा पूर्ववत होतो. ह्या दबण्यात काही शक्ती खर्ची पडते आणि हवा कमी भरलेली असेल तर ती अधिकच पडते. तथापि टायरची मागणी मर्यादित आहे. वेग वाढला तरी ती फारशी वाढत नाही. वाऱ्याचे तसे नाही. त्याचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. ताशी ५५ मैलांऐवजी, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांऐवजी, कोणी ताशी ७० मैलांनी जाऊ लागला, तर त्याचा वेग वाढतो शेकडा २७. पण वाऱ्याचा रोध वाढतो सुमारे शेकडा ६२. इंजिनाची सर्व कामगिरी वजा जाता पेट्रोलचा खर्च नेमका तितका वाढत नाही. तरी पण वाढतो, आणि खिशाला जाणवेल इतका वाढतो. घाई करणाराकडून वारा जणू चढत्या दराने कर वसूल करतो.

हा कर कसा चुकवावा, ह्याचे ज्ञान मोटारीच्या बाल्यावस्थेतच उपलब्ध होते. ते आले विमानविद्येकडून. पहिल्या महायुद्धात विमाने बांधणाऱ्या एडमुंड रुम्प्लर ह्यांनी १९२१ साली बर्लिनच्या प्रदर्शनात पाण्याच्या थेंबासारख्या आकाराची मोटार मांडली. फ्रीडरिखशाफेनच्या झेपेलिन कारखान्यात काम केलेल्या पाउल याराय ह्यांनी त्याच सुमारास वायुनौकेचे तत्त्व मोटारीच्या अंगाला लागू केले. रुम्प्लर ह्यांच्या सुमारे शंभरच गाड्या निघाल्या आणि धंदा बुडाला. पुढे १९७९ साली त्यांतील एक जतन केलेली गाडी फोक्सवागेन कंपनीच्या वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा सोडून वस्तूचा रोध मोजणाऱ्या बोगद्यात, ठेवण्यात आली. तिचा रोधांक केवळ ०.२८ भरला. त्या वेळी रस्त्यांवर धावणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्यांपैकी बहुतेकींना तो साधलेला नव्हता.

अमेरिकेतही हा प्रयत्न झाला. क्रायस्लर कंपनीचे कार्ल ब्रीअर ह्यांनी वातविवरात प्रयोग केले, तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट आढळली. त्या काळच्या उभट, चौकोनी मोटारी उलट्या तोंडाने ठेवल्या असता वाऱ्याला कमी अडवत! म्हणजे लोक इतकी वर्षे आपल्या गाड्या, वाऱ्याच्या दृष्टीने, उलट्याच हाकीत होते. ह्या अभ्यासातून १९३४ साली ‘एअरफ्लो’ ही मोटार जन्मली. तिच्या गोल कपाळाला गिऱ्हाइकांनी नाक मुरडले आणि तीनचार वर्षांत ती बंद पडली. त्यानंतर अमेरिकन कारखानदारांनी घेतलेला धडा पुष्कळ काळ टिकला : वाऱ्याला काय आवडते हे विचारू नये, गिऱ्हाइकाला काय आवडते ते विचारावे.

पेट्रोल स्वस्त होते तोवर हा धडा चुकीचा वाटण्याचे कारण नव्हते. काटकसरीने गाडी हाकणे हा तेथे एक खेळ मानला जाई. १९३६ साली लॉस एंजेलिसहून योसेमिटीपर्यंत अशी एक स्पर्धा झाली आणि पुढे तेल कंपन्यांच्या आश्रयाने ती १९६८ पर्यंत चालली. तीत सर्वांत आधी पोचणाऱ्याला महत्त्व नव्हते, सर्वांत कमी पेट्रोल जाळणाऱ्याला होते. निष्णात चालक पायाखालची पट्टी हळुवार दाबीत, पुढचा रस्ता ओळखून ब्रेकचा उपयोग टाळीत, आणि इंजिन कमी फेऱ्यांत चालावे म्हणून शक्य तितक्या लवकर वरच्या गियरमध्ये जात. नेहमीच्याच मोटारीतून केवळ हाताच्या आणि पायाच्या शिस्तीने किती अंतर काढता येते, हे प्रेक्षकांनी पाहिले, टाळ्या वाजविल्या आणि ते भरधाव घरी गेले.

वेगाला सरकारी लगाम मात्र त्या देशाने एकदा अनुभवला होता. १९४२ साली मलाया व डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले आणि रबर दुर्मिळ झाले, तेव्हा टायर टिकावेत म्हणून ताशी ३५ मैलांची मर्यादा सर्व देशभर घालण्यात आली. युद्ध संपले आणि मर्यादाही गेली. पुढे १९५६ च्या कायद्याने समुद्रापासून समुद्रापर्यंत रुंद राजमार्ग बांधण्यास प्रारंभ झाला. कित्येक राज्यांत त्यांवर ताशी ७० मैल किंवा त्याहून अधिक वेग सर्रास मान्य झाला.

ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियातील युद्धाच्या वेळी अरब राष्ट्रांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पूर्वी सुमारे तीन डॉलरांना मिळणारे पिंप जानेवारी १९७४ मध्ये साडेअकरा डॉलरांच्या वर गेले. पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. अध्यक्ष रिचर्ड निक्सन ह्यांनी नोव्हेंबरमध्येच देशाला वेग कमी करण्याचे आवाहन केले होते. २ जानेवारी १९७४ रोजी त्यांनी सही केलेल्या कायद्याने ताशी ५५ मैलांची राष्ट्रीय मर्यादा आली.

ह्या कायद्याची रचना राज्यकारभाराच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. रस्त्यावरील वेग ठरविण्याचा अधिकार तेथे घटक राज्यांचा. म्हणून केंद्राने हुकूम सोडला नाही. जे राज्य मर्यादा मानणार नाही, त्याला राजमार्गांचे केंद्रीय अनुदान मिळणार नाही, एवढेच जाहीर केले. काही आठवड्यांतच सर्व राज्यांनी मान तुकविली. पण राज्याने मान तुकविणे वेगळे आणि चालकाने पाय उचलणे वेगळे. माँटाना राज्यात वेगमर्यादेचा भंग हा दुर्मिळ साधनाचा अपव्यय ठरवून त्यासाठी अवघा पाच डॉलर दंड आकारीत. मालमोटारींचे चालक लहान रेडिओसंचांवरून पोलिसांचा ठावठिकाणा एकमेकांस कळवू लागले.

ज्या हेतूने कायदा झाला, ती पेट्रोलची बचत देशाच्या एकूण खपाच्या मानाने थोडकीच निघाली. कारण पुष्कळसा प्रवास शहरांत होता आणि राजमार्गावर आज्ञापालन अपुरे होते. पण जे कोणी फारसे मागितले नव्हते, ते मिळाले. रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या १९७३ मध्ये सुमारे ५४,००० होती, ती १९७४ मध्ये सुमारे ४५,००० वर आली. लोकांचा प्रवास घटला होता, हे एक कारण खरेच. परंतु मंदावलेल्या वेगाचा त्यात मोठा वाटा होता, हे नाकारता येत नाही. पेट्रोलचे हिशेब मांडता मांडता माणसांचे प्राण वाचले.

तेलबंदी मार्च १९७४ मध्ये उठली, तरी मर्यादा १९७५ च्या आरंभी कायम करण्यात आली. ती कागदावर टिकली, मनातून मात्र उतरत गेली. १९८७ साली ग्रामीण राजमार्गांना ताशी ६५ मैलांची मुभा मिळाली आणि १९९५ साली राष्ट्रीय मर्यादाच रद्द झाली.

दुसरा उपाय अधिक चिवट ठरला. २२ डिसेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड ह्यांच्या सहीने जो कायदा झाला, त्याने चालकाला काहीच सांगितले नाही. सांगितले ते कारखानदाराला. त्याने विकलेल्या सर्व मोटारींची सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आणि १९८५ मध्ये साडेसत्तावीस मैल असली पाहिजे, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर. आता कारखानदारांना वाऱ्याची आठवण झाली. वजने घटली, पूर्वी युरोपात रूढ झालेले रेडियल टायर अमेरिकेतही आले, राजमार्गावर इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा वरचा गियर मिळू लागला, कोपरे गोलावले. जर्मनीत १९८२ च्या आउडी १०० ने ०.३० हा रोधांक गाठला आणि तो अभिमानाने मिरविला. रुम्प्लर ह्यांच्या थेंबापाशी पोचायला साठ वर्षे लागली होती.

पण इतिहास येथे संपत नाही. हलक्या मालमोटारींना नियम सौम्य होता, आणि कुटुंबाच्या वापरासाठी घेतलेल्या उंच, अवजड गाड्या त्याच सदरात मोडत. पेट्रोल पुन्हा स्वस्त होताच लोक त्यांकडे वळले. १९८७ नंतर सुमारे सतरा वर्षे यंत्रे सुधारत राहिली. तरी नव्या गाड्यांची सरासरी वाढली तर नाहीच, उलट थोडी घसरली. सुधारणेचे सारे फळ वजनात आणि ताकदीत खर्च झाले. यंत्राने कमाविलेले माणसाच्या हौसेने उधळले.

आपल्या देशालाही त्याच तेलसंकटाचा चटका बसला होता. १९७८ साली स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्थेने भारतीय चालकांना सांगितले की, ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार ताशी ८० किलोमीटरांच्या तुलनेने शेकडा ४० पर्यंत अधिक अंतर देऊ शकते. पुढे कारखान्यांसाठी सरासरी इंधनखर्चाची मानकेही भारतात २०१७ पासून लागू झाली. दरम्यान मुंबई–पुणे द्रुतगती मार्गासारखे रस्ते झाले, आणि वाऱ्याचा कर भरण्याची संधी मराठी माणसालाही मुबलक मिळाली.

ह्या पन्नास-साठ वर्षांच्या खटाटोपातून एक गोष्ट स्पष्ट होते. कायदा यंत्राला वळण लावू शकतो, कारण यंत्राला हौस नसते. आकार सुधारता येतो, टायर सुधारता येतो, गियर वाढविता येतो. आणि हे सारे करण्यासाठी पैसा व वर्षे लागतात. सर्वांत स्वस्त उपाय मात्र पहिल्या दिवसापासून चालकाच्या उजव्या पायाखाली आहे. त्याला शोधाची गरज नाही, परवान्याची नाही, खर्चाचीही नाही. म्हणूनच कदाचित त्याची किंमत कोणाला वाटली नाही. वारा मात्र आपला हिशेब चोख ठेवतो. ताशी दहा किलोमीटर कमी करणाऱ्याला तो त्याच दिवशी सूट देतो आणि वाढविणाऱ्याकडून त्याच दिवशी वसुली करतो.