विहार, आरे, जुहू : उपनगरी जोडप्यांचा रविवार

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने कामगारांना दर रविवारी सुट्टी देण्याचं मान्य केलं. त्यामागे सहा वर्षांची खटपट होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. मुंबईतल्या नवरा-बायकोंनी मिळून घराबाहेर पडण्याचा इतिहास लिहायचा, तर सुरुवात या सभेपासूनच करावी लागते. मोकळा दिवसच नसेल तर फिरायला जाणार कधी?

सुट्टी मिळाली, पण बहुतेकांचा संसार मुंबईत नव्हता. चाकरमानी गिरणगावात दहा-बारा जणांच्या खोलीत, बायको-मुलं कोकणात नाहीतर घाटावर. अशा माणसाचा रविवार तालमीत, भजनात आणि गावकीच्या बैठकीत जायचा. जोडप्याचा रविवार उजाडायला आधी बायकोला मुंबईत यावं लागलं, दोघांचं बिऱ्हाड थाटावं लागलं. आणि परवडणाऱ्या भाड्याच्या शोधात ही बिऱ्हाडं उत्तरेकडे सरकत गेली.

वाट रेल्वेने करून ठेवली होतीच. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला लोकल येऊ लागली, ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. पार्ल्यात १९२१ मध्ये टिळक विद्यालय आणि १९२३ मध्ये लोकमान्य सेवा संघ उभा राहिला, म्हणजे मराठी मध्यमवर्ग तिथे कायमचा रुजला. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. आठवडाभर फोर्टात नोकरीला नेणारा पास रविवारीही चालायचा, त्यामुळे फिरायला जाताना तिकीट फक्त बायकोचं काढावं लागे. महिनाअखेरीच्या हिशेबात ही बचत लहान नव्हती.

जायचं कुठे, याचं उत्तर मात्र कोणी ठरवून दिलेलं नव्हतं. उपनगरातली फिरण्याची जुनी ठिकाणं पाहिली तर त्यांतलं जवळजवळ एकही सहलीसाठी बांधलेलं नाही.

विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला तो मुंबईला नळाचं पाणी देण्यासाठी. मिठी नदी अडवून केलेलं ते शहराचं पहिलं मोठं धरण. त्याच कारणासाठी १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, नंतर पवईचा. पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतीचं जंगल राखलं गेलं, आणि त्याच राखलेल्या जंगलातून पुढे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आकाराला आलं. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे अरण्य महानगराच्या मधोमध टिकलं, त्यात तहानलेल्या शहराच्या गरजेचा वाटा फार मोठा आहे.

कान्हेरीची लेणी तर तलावांपेक्षा कितीतरी जुनी. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून पुढे सुमारे हजार वर्षं बौद्ध भिक्षूंनी इथे शंभराहून अधिक लेणी कोरली, पावसाचं पाणी साठवायला दगडात टाकी खोदली. भिक्षूंनी बसायला कोरलेल्या दगडी ओट्यांवर विसाव्या शतकात गिरगाव, पार्ले, बोरिवलीच्या संसारांनी डबे उघडले. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं लोणचं. उद्यानाच्या वाटेवर आदिवासी बायका आजही हंगामाप्रमाणे करवंदं, जांभळं, ताडगोळे, मीठ-मसाला लावलेली काकडी विकतात. सहलीच्या खर्चातला तो सगळ्यात सार्थकी लागलेला भाग, कारण ते पैसे थेट या जंगलातल्या माणसांच्या हातात पडतात.

आरे कॉलनी वसली ती म्हशींसाठी. शहरातल्या दाटीवाटीच्या तबेल्यांतून जनावरं बाहेर काढून गोरेगावच्या मोकळ्या डोंगराळ जमिनीवर नेण्याची ही योजना दारा खुरोडी यांनी तडीला नेली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते वसाहतीचं उद्घाटन झालं. अॅल्युमिनियमच्या पातळ झाकणांच्या काचेच्या बाटल्या घरोघर पोहोचू लागल्या आणि ते दूध जिथून येतं ती हिरवी जागा पाहायला माणसं रविवारी तिकडे जाऊ लागली. तिथल्या छोटा काश्मीर या बागेतली नौकासफर कित्येक नवपरिणीतांच्या पहिल्या फोटोत आहे. खऱ्या काश्मीरला जाण्याची ऐपत नसलेल्यांना गोरेगावला उतरून बसने तिथे पोचता येत होतं.

या फिरण्याला एक निकड होती, आणि ती फक्त हौसेची नव्हती. एका खोलीत सासू-सासरे, दीर, नणंद आणि नवं जोडपं. राजा ठाकूर यांचा ‘मुंबईचा जावई’ हा १९७० चा चित्रपट याच अडचणीवर उभा आहे, आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘पिया का घर’ १९७२ मध्ये आली. दोघांना चार शब्द निवांत बोलायचे तर दार लावून घेण्याची सोय नव्हती. जुहूची वाळू होती. शेजारी हजार माणसं असली तरी त्यांतलं ओळखीचं कोणी नव्हतं. समुद्राकडे तोंड करून भेळेचा एक पुडा दोघांत संपवताना घराचं भाडं, दिराची नोकरी, येणारं मूल अशा गोष्टी ठरत. रविवारची संध्याकाळ हा या संसारांचा खलबतखाना होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरणगाव रिकामं होत गेलं आणि मराठी वस्ती बोरिवली, मुलुंड, ठाणे, डोंबिवलीकडे आणखी सरकली. तिच्यामागोमाग नाटकही उपनगरात आलं. एके काळी प्रयोग पाहायचा तर दादरचं शिवाजी मंदिर गाठावं लागे. पार्ल्याचं दीनानाथ, मुलुंडचं कालिदास, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे ही नाट्यगृहं झाल्यावर दुपारच्या प्रयोगाला चालत किंवा रिक्षाने जाता येऊ लागलं. मध्यंतरातला बटाटवडा आणि चहा हा त्या कार्यक्रमाचा मानाचा भाग.

पूर्व आणि पश्चिम उपनगरांतलं अंतर मात्र पुष्कळ काळ तसंच राहिलं. मुलुंडच्या जोडप्याला जुहूला जायचं तर आधी दादरला उतरून गाडी बदलायची, नाहीतर बसमध्ये घाम पुसत बसायचं. त्यात रविवार म्हणजे मेगाब्लॉकचा, रूळदुरुस्तीसाठी गाड्या रोखण्याचा वार. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अकरा किलोमीटरच्या या मार्गाने घाटकोपर समुद्राच्या जवळ आलं, आणि अंधेरीची माणसं घाटकोपरच्या खाऊगल्लीत डोसा खायला येऊ लागली.

जी हिरवी ठिकाणं दुसऱ्याच कामासाठी जन्मली, त्यांच्यावर सहलीचा हक्क कागदावर कुठेच लिहिलेला नाही, आणि म्हणून ती सहज हातची जातात. विहारच्या काठी सर्वसामान्यांना आज मोकळा प्रवेश नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने राष्ट्रीय उद्यानातल्या ‘वनराणी’ या मुलांच्या छोट्या आगगाडीचे रूळ उखडले आणि ती गाडी थांबली. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. त्या रात्री आरेकडे धावलेल्यांत उपनगरातली साधी कुटुंबंही होती. त्यांना तिथे नेणारी ओढ अनेक रविवारांनी घडवलेली होती.

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सरकारी नोकरांच्या घरी शनिवारही मोकळा झाला. मॉलमधल्या दुकानात उभी राहणारी मुलगी आणि सोसायटीच्या फाटकावरचा तिचा नवरा यांना मात्र ती चैन नाही. शनिवार-रविवार हे त्यांच्या कामाचे सर्वांत गर्दीचे दिवस. तिची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी आली तर त्याची गुरुवारी येते, आणि कुणाची सोमवारी आली तर त्या दिवशी उद्यानाची सफारी बंद असते. कालिदास आणि प्रबोधनकार ठाकरे ही महापालिकेची नाट्यगृहं. तिथे आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्री कमी दरात प्रयोग लावणं आणि कामगारांना नवरा-बायकोची सुट्टी एकाच दिवशी मागण्याची मुभा देणं, या दोन गोष्टी आजही करता येण्याजोग्या आहेत.