डिमॉण्टे, डॅरिल

डिमॉण्टे, डॅरिल : (१९४४ – १६ मार्च २०१९). मुंबईतील इंग्रजी पत्रकार, संपादक व पर्यावरणविषयक लेखक. ‘इंडियन एक्स्प्रेस’ (१९७९–८१) आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’ (१९८८–९४) या दैनिकांच्या मुंबई आवृत्त्यांचे ते निवासी संपादक होते. दुसरे संपादकपद सुटल्यावर अखेरपर्यंत, म्हणजे सुमारे पंचवीस वर्षे, त्यांनी मुक्त पत्रकार म्हणून लेखन केले. संपादकाच्या खुर्चीवरून उतरलेला माणूस एरवी सल्लागार होतो किंवा आठवणी लिहितो. डिमॉण्टे बातमीदारीकडे परतले.

‘टेम्पल्स ऑर टूम्ब्स?’ (१९८५) हे त्यांचे पहिले महत्त्वाचे पुस्तक. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने ते काढले. मोठे प्रकल्प ही आधुनिक भारताची मंदिरे, या नेहरूंच्या कल्पनेला शीर्षकातच प्रश्नचिन्ह लावलेले आहे. पुस्तकात तीन वाद आहेत : केरळमधील सायलेंट व्हॅलीचा जलविद्युत प्रकल्प, ताजमहालापासून सुमारे चाळीस किलोमीटरवरचा मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि अलिबागजवळ थळ-वायशेत येथील राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना. यांपैकी सायलेंट व्हॅलीचे धरण तेवढे टळले. तेथे १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. मथुरा आणि थळ येथले कारखाने उभे राहिले. कारखाना हवा की नको, यापेक्षा तो नेमका इथेच का आणि हे कोणी ठरवले, हा प्रश्न या तिन्ही वादांत कळीचा होता. पुढे मुंबईबद्दल लिहितानाही डिमॉण्टे यांनी हाच प्रश्न धरून ठेवला. त्यांच्या लेखी पर्यावरण म्हणजे आधी जागेचा हिशेब.

तो हिशेब मुंबईच्या कापडगिरण्यांवरील ‘रिपिंग द फॅब्रिक’ (२००२) या पुस्तकात सर्वांत तपशिलाने येतो. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. मागे उरली ती मध्य मुंबईतील सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने तिचे ढोबळमानाने तीन वाटे सुचवले : एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात एका भिंतीला लागून दुसरी शेड असते. मोकळी जमीन असणार ती किती? शब्द दोन-चारच बदलले, पण बागेचा आणि घरांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. त्याच वर्षी डिमॉण्टे यांनी संपादित केलेला ‘मिल्स फॉर सेल’ हा ग्रंथ ‘मार्ग’ प्रकाशनाने काढला. गिरणी जमिनीकडे पर्यावरणाचा विषय म्हणून पाहण्याची सवय तेव्हा फारशी नव्हती. कामगारांचा प्रश्न वेगळा आणि झाडांचा वेगळा, अशीच वाटणी होती. ती मोडणे हे डिमॉण्टे यांचे मोठे काम होय. उणीव सांगायची तर गिरणगाव, म्हणजे गिरण्यांभोवतीची कामगारवस्ती, मराठी बोलत होते आणि हे सारे लेखन इंग्रजीत राहिले.

भारतातील पर्यावरण पत्रकारांच्या मंचाचे ते अध्यक्ष होते. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पर्यावरण पत्रकार महासंघाचे ते संस्थापक-अध्यक्ष. हवामानबदलाच्या वाटाघाटींवरही त्यांनी लिहिले. तरी त्यांची लेखणी मोकळी चालते ती वांद्र्यापासून लोअर परळपर्यंतच्या शहराबद्दल. ते स्वतः वांद्र्याचे रहिवासी होते.

उड्डाणपूल आणि सागरी मार्ग यांवर होणारा खर्च मूठभर मोटारवाल्यांसाठी आहे, लोकल आणि बस यांनी जाणाऱ्या बहुसंख्यांच्या तो उपयोगाचा नाही, असे ते सातत्याने मांडत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाला त्यांचा विरोध होता. या मार्गाचे भूमिपूजन १६ डिसेंबर २०१८ रोजी झाले. बरोबर तीन महिन्यांनी डिमॉण्टे यांचे निधन झाले. मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. दुचाकींना त्यावर मनाई आहे.