गळ्याला हात लागला, तर बाद कोण? कबड्डी, रग्बी आणि पंचांचा निर्णय

१/ परभणी जिल्ह्यातील वालूर म्हटले की इतिहासप्रेमींना तेथील चक्राकार बारव आठवते. दगडी वास्तूचा इतिहास डोळ्यांना दिसतो. खेळाच्या नियमांचा इतिहास मात्र नियमपुस्तिकेतल्या एखाद्या ओळीत दडलेला असतो. कबड्डीतील अशीच एक ओळ पाहण्याजोगी आहे. चढाई करणाऱ्याचा गळा आवळून त्याला रोखले, तर बाद कोण?

२/ चढाईपटू नव्हे. नियमानुसार पकड हातापायांची किंवा धडाची असावी लागते. मुद्दाम तोंड दाबणे, गळा आवळणे, इजा होईल अशी हिंसक पकड करणे किंवा पायांची कैची घालणे निषिद्ध आहे. अशा पकडीत सापडलेला खेळाडू मध्यरेषा गाठू शकला नाही, तरी पंच त्याला नाबाद ठरवतात.

३/ या नियमाचे मूळ खेळाच्या स्वरूपातच आहे. कबड्डीत दम हाच चढाईचा प्राण. ‘कबड्डी कबड्डी’ हा उच्चार थांबला की चढाई संपली. त्यामुळे तोंड दाबून किंवा गळा आवळून दम तोडण्याची मुभा असती, तर चपळाईला आणि डावपेचांना अर्थच उरला नसता. गळ्याचे रक्षण म्हणजे एका अर्थाने खेळाचेच रक्षण होय.

४/ महाराष्ट्रात हा खेळ दीर्घकाळ ‘हुतुतू’ म्हणून खेळला गेला. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे निरनिराळे प्रकार होते आणि नियम गावागणिक बदलत. एका गावचा संघ दुसऱ्या गावी गेला की वाद अटळ होता, कारण निवाड्यासाठी दोघांना मान्य असा लिखित आधारच नव्हता.

५/ तो आधार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभा राहिला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी स्पर्धा भरवल्या. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या अखिल भारतीय स्पर्धेसाठी नियमांना निश्चित रूप देण्यात आले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखवले. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकाचा मान मिळाला.

६/ आता दुसरे मैदान. रग्बी मराठी मुलखाला अगदीच परकी नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या बॉम्बे जिमखान्याशी भारतीय रग्बीचे जुने नाते आहे. या खेळात चेंडू घेऊन धावणाऱ्याला कवेत घेऊन खाली पाडणे, म्हणजे ‘टॅकल’, हा मूळ डाव. खांद्याच्या रेषेच्या वर केलेला टॅकल मात्र नियमबाह्य. येथे प्रश्न दमाचा नसून मेंदूचा आहे.

७/ त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे स्टीव्ह थॉम्पसन यांच्या उदाहरणावरून कळते. २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात ते खेळले होते. तरुण वयातच स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्याचे त्यांनी २०२० मध्ये जाहीर केले. ज्या अंतिम सामन्यात त्यांनी जग जिंकले, तो सामना त्यांना आठवत नाही.

८/ अशा आघातांविषयीची चिंता वाढत होतीच. जानेवारी २०१७ मध्ये ‘वर्ल्ड रग्बी’ने उंच टॅकलसाठीच्या शिक्षा कडक केल्या. मे २०१९ मध्ये पंचांसाठी पायऱ्यापायऱ्यांची निर्णयपद्धती आली : टॅकल उंच होता का? डोक्याला वा मानेला स्पर्श झाला का? धोका किती होता? धोका मोठा असेल तर लाल कार्ड. समोरचा खेळाडू ऐन वेळी अचानक खाली वाकला, यासारखे कारण असेल तर शिक्षा एक पायरी सौम्य होऊ शकते. ‘हेतू काय होता’ हा प्रश्न मात्र या पायऱ्यांत नाही.

९/ या पद्धतीची खरी कसोटी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी पॅरिसजवळ लागली. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन याचा टॅकल जेसी क्रिएलच्या डोक्याला लागला. पंच वेन बार्न्स यांनी पिवळे कार्ड दाखवले. चित्रफितीच्या तपासणीनंतर ते लाल झाले. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील हे पहिलेच लाल कार्ड. उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार सिया कोलिसी याचीही टक्कर प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याशी झाली, पण त्याचे कार्ड पिवळेच राहिले. चौदा खेळाडूंनिशी झुंजलेला न्यूझीलंड ११-१२ असा हरला. दोन कर्णधार, दोन निकाल आणि एका गुणाचे अंतर. वाद होणे स्वाभाविक होते.

१०/ दोन्ही खेळांच्या तुलनेत एक महत्त्वाचा भेद दिसतो. कबड्डीच्या नियमात ‘मुद्दाम’ हा शब्द आहे. पंचाला खेळाडूचे मन वाचावे लागते. रग्बीने तो भार उतरवून केवळ कृतीचा धोका मोजायचे ठरवले. पहिल्या पद्धतीत ‘चुकून लागले’ ही सबब कायम उपलब्ध राहते. दुसरीत मनात काहीही नसलेल्या खेळाडूलाही मैदान सोडावे लागते, कारण आघात सोसणाऱ्या मेंदूला हेतू कळत नाही.

११/ न्यायाची दिशाही वेगळी आहे. कबड्डी प्रथम ज्याच्यावर अन्याय झाला त्याला नाबाद ठरवून त्याचे नुकसान भरून काढते. हिरवे, पिवळे, लाल कार्ड नंतर येते. रग्बीत प्रतिपक्षाला पेनल्टी मिळते, पण मुख्य भर दोषीला बाहेर काढण्यावर असतो. शिवाय कबड्डीतील पिवळे कार्ड दोन मिनिटांचे, तर रग्बीतील दहा मिनिटांचे.

१२/ नियम कितीही बारकाईने लिहिले, तरी शेवटी कोणीतरी ‘धोका किती’ किंवा ‘मुद्दाम की चुकून’ हे ठरवावेच लागते. हुतुतूच्या काळात ते काम मैदानाकडेच्या जाणत्या माणसांचे होते. आज पंच आणि चित्रफीत ते करतात. पुढच्या वेळी गावच्या मैदानावर पंचांनी एखादी ‘जबरदस्त’ पकड अवैध ठरवली आणि गर्दी ओरडू लागली, तर आधी पकडणाऱ्याचा हात कुठे होता ते पाहावे.