मार्फा (टेक्सस)

मार्फा : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सस राज्याच्या पश्चिम टोकाकडील वाळवंटी गाव व प्रेसिडिओ काउंटीचे मुख्य ठाणे. लोकसंख्या १,७८८ (२०२०). समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,४३० मी. मेक्सिकोची सरहद्द दक्षिणेस शंभरएक किमी.वर आहे. चिवावा वाळवंटातील उंच पठारावर हे गाव वसले असले, तरी वाळूचे ढिगारे येथे शोधू नयेत. गुडघाभर पिवळे गवत, अधूनमधून निवडुंग व युका, काटेरी तारांची कुंपणे आणि क्षितिजावर निळसर डोंगर, असा हा मुलूख आहे. उन्हाळ्यात ऐन मे महिन्यातले सांगोला-जतकडचे माळरान डोळ्यांपुढे आणावे आणि त्यातली वस्ती जवळपास सगळी काढून टाकावी. पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो. उंचीमुळे उन्हाळ्यातही रात्री गार असतात. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो.

एवढ्याशा गावात शनिवार-रविवार घालवायला लोक न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसहून येतात. जवळचे मोठे विमानतळ एल पासो व मिडलँड येथे आहेत आणि दोन्हींकडून मोटारीने सुमारे तीन तास लागतात. ह्यूस्टन किंवा डॅलसच्या मराठी माणसाने मोटारीने निघायचे ठरवले, तर एका बाजूचेच आठ-नऊ तास मोजावेत. त्यामुळे त्याला सोमवारची सुटी जोडून आलेली बरी. गावाचे वेळापत्रकही पाहुण्यांच्या सोयीने फिरलेले आहे. आठवड्याच्या सुरुवातीला अनेक खाणावळी व कलादालने बंद असतात आणि गुरुवारपासून गावात जाग येते. मंगळवारी पोचलेला पाहुणा उपाशी राहतो, ही थट्टा म्हणून सांगितली जात असली तरी फार खोटी नाही.

१८८३ मध्ये लोहमार्ग टाकला जात असताना वाफेच्या इंजिनांना पाणी भरण्याचा थांबा म्हणून मार्फाचा जन्म झाला. नाव रशियन आहे. रेल्वेच्या एका अधिकाऱ्याची पत्नी प्रवासात डोस्टोव्हस्कीची ‘ब्रदर्स कारामाझोव्ह’ वाचत होती व तिने त्यातल्या मोलकरणीचे नाव दिले, ही गोष्ट गावात मोठ्या आवडीने सांगतात. त्या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद मात्र १९१२ चा आहे, म्हणजे गावानंतर २९ वर्षांनी आलेला. डिसेंबर १८८२ मधल्या गॅल्व्हेस्टनच्या वृत्तपत्रात हे नाव झूल व्हर्नच्या ‘मायकेल स्ट्रोगॉफ’मधील आईवरून ठेवल्याचे म्हटले आहे, आणि तेच खरे मानावे. १८८६ मध्ये गुलाबी गिलाव्याचे, घुमटाचे न्यायालय उभे राहिले. सभोवतालच्या एकमजली घरांत ते आजही लग्नातल्या नवरदेवासारखे उठून दिसते.

मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत, १९११ मध्ये, येथे घोडदळाची छावणी पडली. पुढे तिला फोर्ट डी. ए. रसेल हे नाव मिळाले आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे जर्मन युद्धकैदी ठेवण्यात आले. १९४६ मध्ये ठाणे बंद झाले. पाठोपाठ पन्नाशीच्या दशकातल्या प्रदीर्घ दुष्काळाने गुरांचा धंदा मोडला आणि गाव हळूहळू रिकामे होत गेले. त्या पडत्या काळात, १९५५ च्या उन्हाळ्यात, ‘जायंट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन व जेम्स डीन येथे आले. कंपनीचा राबता ‘हॉटेल पैसानो’त (१९३०) होता. हॉटेल अजून चालू आहे आणि त्या दिवसांच्या आठवणी त्याने जपून ठेवल्या आहेत. चित्रपट १९५६ मध्ये पडद्यावर आला, तोवर डीन मोटार अपघातात वारला होता.

मार्फाला आजचे रूप दिले ते डॉनल्ड जड (१९२८–१९९४) या शिल्पकाराने. न्यूयॉर्कच्या कलादालनांत कामे आज मांडायची, उद्या काढायची, या प्रकाराला तो विटला होता. काम एकदा ठेवले की तिथेच राहावे आणि भोवतीची जागा, भिंत, उजेड हे सारे त्याचाच भाग असावे, असा त्याचा हट्ट होता. १९७१ मध्ये तो येथे आला, पडक्या इमारती विकत घेऊ लागला आणि न्यूयॉर्कच्या डिया आर्ट फाउंडेशनच्या पैशाने सैन्याचे ठाणेही हाती आले. ऐंशीच्या दशकात डियाचा हात आखडला, प्रकरण कोर्टाच्या पायरीपर्यंत गेले आणि तडजोडीतून १९८६ मध्ये चिनाती फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था झाली.

वेळ थोडा असेल तर बाकी सगळे सोडून या जुन्या ठाण्यातील तोफखान्याच्या दोन शेड पाहाव्यात. जडने त्यांचे जुने दरवाजे काढून तिथे जमिनीपासून वरपर्यंत काचा बसवल्या आणि सपाट छतावर पत्र्याची अर्धगोल कमान चढवली. आत ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या ओळीने मांडल्या आहेत (१९८२–८६). बाहेरचे माप प्रत्येकीचे तेच, सुमारे १०४ × १३० × १८३ सेंमी. आतली रचना मात्र एकीची दुसरीसारखी नाही : कुठे मधोमध आडवा पत्रा, कुठे तिरका, कुठे एक बाजू उघडी. सकाळी गेलो तर पेट्या पत्र्याच्या दिसतात. ऊन कलू लागले की एखादी बाजू गवताचा पिवळा रंग घेते, शेजारची आकाशाचा निळा, आणि एखादी अशी उजळते की धातू कुठे संपला व हवा कुठे सुरू झाली ते चटकन कळत नाही. भिंतीवर कैद्यांच्या काळातल्या जर्मन सूचना जडने पुसू दिल्या नाहीत. त्यांपैकी एकीचा आशय असा की, डोके गमावण्यापेक्षा ते वापरलेले बरे. बाहेर माळावर काँक्रीटच्या मोठ्या ठोकळ्यांचे १५ संच सुमारे एक किमी. लांबीच्या रांगेत उभे आहेत. त्यांच्याकडे निदान चालत जावे. मोटारीतून ते गटाराच्या पाइपांसारखे दिसतात. जुन्या बराकींत डॅन फ्लेव्हिनच्या रंगीत ट्यूबलाइट आहेत, तर लोकरीच्या गोदामात जॉन चेंबरलेनची मोटारींच्या चेपलेल्या पत्र्यांची शिल्पे.

गावापासून वायव्येस सुमारे ६० किमी.वर, व्हॅलेंटाइन गावाजवळ, रस्त्याकडेला ‘प्राडा मार्फा’ आहे. एल्मग्रीन व ड्रॅगसेट या जोडीने २००५ मध्ये उभारलेले हे शिल्प हुबेहूब महागड्या दुकानासारखे दिसते. काचेमागे खऱ्या पर्स व खरे बूट आहेत. दार कधीच उघडत नाही. मातीच्या विटांचे हे दुकान हळूहळू मातीत मिसळून जावे, अशी मूळ कल्पना होती. काही दिवसांतच चोरांनी आतला माल लंपास केला आणि मिसळून जाण्याऐवजी त्याची डागडुजी सुरू झाली. आता आत फक्त उजव्या पायाचे बूट ठेवतात.

तिसरे आकर्षण फुकटचे आहे. गावाच्या पूर्वेस सुमारे १४ किमी.वर ‘मार्फा लाइट्स’ पाहण्यासाठी थांबा बांधला आहे. रात्री मिचेल फ्लॅटच्या माळावर ठिपके उजळतात, दोनाचे एक होतात, विझतात. १८८३ मध्ये एका गुराख्याने ते पाहून अपाचींच्या शेकोट्या समजल्याची गोष्ट सांगतात. कोकणातल्या माणसाला चकवा आठवेल. २००४ मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मोजमापे घेतली. त्यांना नैर्ऋत्येस दिसलेले दिवे महामार्ग ६७ वरच्या मोटारींचे निघाले. गार व गरम हवेच्या थरांतून प्रकाश वाकत येतो, त्यामुळे ते नाचल्यासारखे वाटतात. एवढे ठाऊक असूनही लोक घोंगड्या घेऊन तिथे बसतात, आणि त्यांचे चुकते असे नाही. असे आकाश शहरात मिळत नाही. ताऱ्यांची खरी हौस असणाऱ्याने उत्तरेकडील फोर्ट डेव्हिसजवळच्या मॅक्डॉनल्ड वेधशाळेचे तिकीट आधीच काढावे.

पाहुण्यांच्या नकाशात ब्लॅकवेल शाळा बहुधा शेवटी येते. ती आधी यायला हवी. १९०९ ते १९६५ या काळात मेक्सिकन वंशाच्या मुलांना गोऱ्यांपासून वेगळे येथे बसवत. स्पॅनिश बोलण्यास मनाई होती. १९५४ मध्ये मुलांकडून कागदाच्या चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले आणि त्या शाळेच्या आवारात समारंभपूर्वक पुरल्या. ऑक्टोबर २०२२ च्या कायद्याने ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरली. कलेमुळे गावाचा भाव वधारला, त्याची झळही याच मेक्सिकन वंशाच्या वस्तीला अधिक बसते. कच्च्या विटांचे घर एके काळी गरिबाचे मानले जाई. आता ते बाहेरच्या श्रीमंतांना हवेसे झाले आहे, आणि घराची किंमत चढली की त्यावरचा करही चढतो, मग घर विकायचे असो वा नसो.

मुक्कामाला हॉटेलांखेरीज जुन्या ट्रेलरांत व तंबूंत सोय होते. ऑक्टोबरात चिनातीचा वार्षिक सोहळा असतो, तेव्हा खोल्या फार आधी भरतात. झोप सावध असणाऱ्याने कानात कापूस घालावा, कारण मालगाड्या रात्रीही शिट्ट्या देत गावाच्या मधोमध जातात. प्रवासी गाडीही येथूनच जाते, पण थांबत नाही. तिने येणाऱ्याला ४२ किमी.वरच्या अल्पाइन स्थानकावर उतरावे लागते.