लोइसनं फेकलेला बूट

गेल्या महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. शनिवार होता. सगळं गणगोत जमलेलं, जेवणं उशिरा आटोपलेली, चहाची दुसरी फेरी चालू. साडेसहाच्या सुमारास काका उठला, आजीच्या पाया पडला आणि चपला घालायला लागला. शनिवारची मीटिंग! बाबांच्या कपाळावर आठी. "आज तरी?" काका नुसता हसला आणि गेला.

मी कपबश्या ठेवायला स्वयंपाकघरात गेलो तर काकू ओट्याशी उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "पूर्वी हे बारमध्ये असायचे, आता मीटिंगमध्ये. घरात कधी होते रे?"

काकाची दारू सुटून सहा वर्षं झाली. आमच्या घरात त्यावर सहसा कोणी बोलत नाही. त्यातून मी तर बोलायच्या लायकीचाच नाही. मागच्या वर्षी माझ्या प्रमोशनच्या पार्टीत मीच त्याला म्हणालो होतो, "काका, एका बियरनं काय होतंय? पाच वर्षं कंट्रोल केलंयस की!" तो न जेवता निघून गेला होता. मला वाटलं, चिडला. तो घाबरला होता हे कळायला मला वर्ष लागलं.

काकूचं ते वाक्य डोक्यातून जाईना. मग नेहमीचा रोग उचंबळला आणि दोन वीकेंड वाचत बसलो. आणि गंमत अशी की काकूचं वाक्य, जवळजवळ तस्संच, नव्वद वर्षांपूर्वी एका अमेरिकन बाईच्या तोंडी सापडलं. तर आज तिची गोष्ट.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा इतिहास सहसा दोन पुरुषांपासून सुरू होतो. पहिला बिल विल्सन, न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, पण त्या काळातही हा गडी पीतच होता. डिसेंबर १९३४ मध्ये तो चौथ्यांदा इस्पितळात दाखल झाला आणि त्यानंतर पुन्हा प्यायला नाही. मे १९३५ मध्ये एका धंद्याच्या भानगडीसाठी तो ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला. काम फसलं. खिशात जेमतेम दहा डॉलर, मेफ्लॉवर हॉटेलची लॉबी, एका बाजूला बारमधला हसण्याचा आवाज आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. त्याला जाणवलं की आत्ता दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोललो नाही तर मी त्या दारातून आत जाणार. मग चर्चची यादी काढून फोनाफोनी केली. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ नावाच्या सर्जनशी. १२ मे १९३५. डॉक्टरसाहेब पंधराच मिनिटं बसणार होते, पण दोघे तासन्‌तास बोलत बसले.

आता इथे सिनेमा संपायला हवा ना? पण महिन्याभरातच डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊन परत आले. पुन्हा सावरले आणि १० जून १९३५ ला शेवटचं प्यायले. ए.ए. आपला स्थापनादिन म्हणून हीच तारीख मानते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की दारू सोडल्यावर पहिली अडीच वर्षं त्यांची तलफ काही केल्या जात नव्हती. संस्थापकाची ही कथा! आणि आपण घरी तिसऱ्या महिन्यात विचारतो, "आता इच्छा होत नाही ना?"

असो. मुद्दा लोइसचा आहे.

लोइस म्हणजे बिलची बायको. लग्न १९१८ सालचं. नवरा पीत असताना डिपार्टमेंट स्टोअरमध्ये नोकरी करून घर चालवलं तिनं. सतराएक वर्षं विनवण्या, शपथा, उपचार सगळं करून झालं. आणि एक दिवस दारू सुटली! खूश व्हायला हवं होतं ना तिनं? पण बिल आता रोज संध्याकाळी मीटिंगला. नाहीतर घरात कुठले कुठले दारुडे आणून ठेवलेले, त्यांचं खाणंपिणं लोइसनं बघायचं. एका रविवारी बिल म्हणाला, चल लवकर, मीटिंगला उशीर होतोय. लोइसनं पायातला बूट काढला आणि जोरात फेकला. तुझ्या मीटिंगा गेल्या खड्ड्यात, अशा अर्थाचं काहीतरी ओरडलीही.

ती नंतर सांगायची की त्या बुटानं तिचे स्वतःचेच डोळे उघडले. इतकी वर्षं 'ह्याला मी बरं करीन' हेच तिचं आयुष्य होतं. आणि ते काम चार तिऱ्हाईतांनी काही महिन्यांत केलं. म्हणजे दारू गेली ती तिची नोकरीही घेऊन गेली! राग त्याचा होता. मीटिंग निमित्त होती.

१९३९ मध्ये ए.ए.चं मुख्य पुस्तक निघालं. त्यात बायकांसाठी एक प्रकरण आहे, जणू एखाद्या बायकोनंच लिहावं तसं. ते लिहिलं कोणी? बिलनं! लोइसला ते लिहायचं होतं, त्यानं दिलं नाही. तिला ते बराच काळ लागून राहिलं, आणि मला ते अगदी पटतं.

पण एक झालं. नवरे मीटिंगमध्ये बसायचे तेव्हा बायका स्वयंपाकघरात कॉफी करत नाहीतर बाहेर गाडीत वाट बघत बसायच्या. तिथे त्या आपसात बोलायला लागल्या. अशा घरच्यांचे गट गावोगावी आपोआप तयार होत गेले. १९५१ मध्ये लोइस आणि तिची एक मैत्रीण पत्ते घेऊन बसल्या, या गटांना पत्रं पाठवली, आणि त्यातून अल-अ‍ॅनॉन उभं राहिलं: व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठीची संघटना. १९५७ मध्ये मुलांसाठी अलाटीन सुरू झालं.

हिशोब करा. १९३५ ते १९५१. घरच्या माणसांनाही काही शिकावं लागतं, त्यांचंही काही दुखतं, हे नीट मान्य व्हायला सोळा वर्षं लागली.

आपल्याकडे ए.ए. आलं १९५७ च्या सुमारास, आणि तेही मुंबईत, म्हणजे दारूबंदी चालू असलेल्या शहरात. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. लं.च्या मदतीनं मुक्तांगण सुरू केलं. तिथेही रुग्णाच्या बरोबर घरच्यांना धरूनच काम होतं. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. लोइसच्या स्वयंपाकघरात जे झालं तेच इथे मराठीत.

आता आमच्यासारख्या घरांचा घोळ कुठे होतो ते सांगतो. आपल्याला वाटतं, केंद्रात पाठवलं, काही आठवड्यांनी 'रिपेअर' होऊन माणूस परत आला, विषय संपला. माझ्या भाषेत सांगायचं तर आपण त्याला प्रोजेक्ट समजतो, एकदा डिलिव्हरी झाली की पार्टी. प्रत्यक्षात तो मेंटेनन्स असतो आणि त्याची मुदत संपत नाही. डायबेटिसवाल्या आजीला आपण "सहा वर्षं झाली, आता इन्सुलिन बंद कर की" असं म्हणतो का? काकाची मीटिंग म्हणजे त्याचं इन्सुलिन. समजा फरक इतकाच, की ते टोचायला त्याला घराबाहेर जावं लागतं.

आकडे हवेच असतील (मला हवे होते) तर २०२० साली कॉक्रेनचा एक मोठा आढावा निघाला, २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं. ए.ए.च्या वाटेनं गेलेल्यांपैकी वर्षानंतर पूर्ण कोरडे होते सुमारे ४२ टक्के. इतर उपचारांत ३५ टक्के. म्हणजे मीटिंगचा उपयोग होतो. पण हेही बघा, की चांगल्यात चांगल्या गटातही निम्म्याहून जास्त लोक वर्षभरात कधीतरी घसरले. तेव्हा कोणी घसरला तर 'सगळं पाण्यात गेलं' म्हणू नये. डॉ. बॉब आठवावेत.

दोन गोष्टी जाता जाता, कारण दोन्ही मी प्रत्यक्ष ऐकल्या आहेत. एक, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नये. फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दोन, 'न सांगता चहात घालायची गोळी' हा प्रकार. ती गोळी बहुधा डायसल्फिराम असते. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या डॉक्टरांनी तिचा हा उपयोग जगापुढे आणला. तिच्यावर दारू प्यायली तर शरीर भयंकर उलटतं, म्हणून ती घेणाऱ्याला माहीत असावीच लागते. चोरून देणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय कळल्यावर विश्वास जातो तो वेगळाच.

आता बिलचा शेवट. दारू सोडल्यावर त्याचं सगळं छान झालं, असंही नाही. १९४४ नंतर दहाएक वर्षं तो नैराश्याशी झगडत होता. १९७० च्या डिसेंबरात फुफ्फुसाच्या आजारानं अंथरुणाला खिळलेला असताना त्यानं नर्सकडे व्हिस्की मागितली. सुझन चीव्हर यांनी २००४ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात ही नोंद आहे. छत्तीस वर्षांनंतर! लाखो लोकांची दारू ज्याच्यामुळे सुटली त्यानं. ती त्याला दिली गेली नाही. २४ जानेवारी १९७१ ला तो गेला. त्या दिवशी त्यांच्या लग्नाला ५३ वर्षं झाली होती.

हे वाचलं आणि माझी ती बियरवाली पार्टी आठवून पोटात खड्डा पडला.

परवा काकूकडे गेलो. लोइसची आणि तिच्या बुटाची गोष्ट सांगितली. ती आधी खूप हसली. मग गप्प झाली आणि म्हणाली, "हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." घरच्यांचा गट असतो हे तिला माहीतच नव्हतं. येईन म्हणाली नाही, पण वार आणि वेळ विचारून घेतली. बाबांशी बोलायचं अजून बाकी आहे, ते अवघड आहे.

काकाला फोन करून त्या पार्टीबद्दल सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "अरे विसरलो मी." विसरला नसणार. मग त्याला सांगितलं की पुढच्या शनिवारी मी त्या बाजूलाच आहे, मीटिंगला गाडीनं सोडतो. "सोड," म्हणाला. "पण साडेसहाला ये. उशीर करू नकोस."