शब्दवेध : शहा

सुरतेच्या पेठेत पाटीपाटीवर भेटणारा ‘शहा’ आणि ज्याच्या फर्मानाने या बंदराची जकात वसूल होई तो ‘पातशहा’ कानाला सगोत्र वाटतात. परंतु वाण्यांचे आडनाव ‘साधु’चे ‘साहु’ होत आले, तर तख्तावरचा शहा प्राचीन पारसिक ‘क्षायथिय’चा, म्हणजे आपल्या ‘क्षत्रा’चा भाऊबंद. हेच बिरुद लावणाऱ्या दारयवहू या पारसिक सम्राटाने आपले राज्य अहुरमज्दा या देवाच्या कृपेचे म्हणून बेहिस्तूनच्या कड्यावर कोरविले. चिनी सम्राटही स्वर्गपुत्र म्हणवी, मात्र दुराचाराने तो स्वर्गादेश हिरावला जाई, आणि ही अट मला विशेष भावते. कुषाणांनी तर ‘देवपुत्र’ व ‘शाही’ ही दोन्ही बिरुदे एकत्र मिरविली. ‘क्षत्रा’चेच अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील रूप ‘क्षथ्र’. ती अवेस्ता शिकण्यासाठी फ्रेंच पंडित आंकतिल द्युपेरों १७५८ साली याच सुरतेत येऊन पारशी धर्मगुरू दस्तूर दाराबांपाशी बसला.