मचाणावरील धनुर्धर आणि नेमाची नीती : अमेरिकेतील हरणांच्या शिकारीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :

शिकारीचा इतिहास बहुधा शस्त्रे, राजे आणि कायदे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. बाण प्राण्याच्या शरीरावर नेमका कोठे मारावा आणि कोणत्या वेळी मारूच नये, या प्रश्नाला त्यात फारसे स्थान मिळालेले नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पांढऱ्या शेपटीच्या हरणाची धनुष्यबाणाने शिकार करणे आजही कायदेशीर आहे आणि ती बऱ्याचदा झाडावरील मचाणावरून केली जाते. या प्रथेत नेमाविषयीची नीती कशी घडत गेली, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. धनुर्धराच्या कौशल्यावर असलेला भर हळूहळू प्राण्याच्या मरणाच्या स्वरूपाकडे वळला, हे या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पुनरुज्जीवनाचा काळ :

यादवी युद्धानंतर मॉरिस थॉम्पसन यांच्या ‘द विचरी ऑफ आर्चरी’ (१८७८) या ग्रंथाने अमेरिकेतील सुशिक्षित वर्गात धनुर्विद्येची आवड निर्माण केली. मात्र आधुनिक धनुर्मृगयेची परंपरा प्रामुख्याने इशी या याही जमातीच्या अखेरच्या ज्ञात पुरुषापासून सांगितली जाते. १९११ साली तो कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील मानववंशशास्त्रीय संग्रहालयात राहत असताना शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य घडविण्याची व शिकारीची विद्या आत्मसात केली. इशीची पद्धत दबा धरण्याची, प्राण्याला आवाजाने जवळ बोलावण्याची आणि अगदी जवळून बाण सोडण्याची होती. १९१६ साली त्याचे निधन झाले. पोप यांचा ‘हंटिंग विथ द बो अँड अ‍ॅरो’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. नव्या धनुर्धरांनी गुरूचे शस्त्र उत्साहाने स्वीकारले. परंतु त्याचा संयम त्यांच्यात रुजण्यास बराच काळ जावा लागला. लांब पल्ल्याचा बाण हे त्या काळी कौतुकाचेच लक्षण मानले जात असे.

१९३४ साली विस्कॉन्सिन राज्याने केवळ धनुर्धरांसाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला. अशा हंगामांबरोबरच हा प्रश्न सार्वजनिक झाला, कारण बाण लागूनही न सापडणाऱ्या जखमी हरणांचे काय, अशी पृच्छा होणे अपरिहार्य होते. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘पोप अँड यंग क्लब’ने न्याय्य पाठलागाची संकल्पना धनुर्धरांसाठी स्वीकारली. १९७२ च्या कायदादुरुस्तीने धनुष्यबाणांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवसंवर्धन व शिकारी-शिक्षण यांसाठी वापरण्याची सोय झाली.

नेमाचे शरीरशास्त्र :

गोळी वेगाच्या आघाताने ऊती उद्ध्वस्त करते. बाणाचे धारदार पाते मात्र रक्तवाहिन्या कापते आणि प्राणी रक्तस्रावाने मरतो. दोन्ही फुप्फुसे भेदली गेल्यास हरणाची शुद्ध बहुधा काही सेकंदांतच हरपते. पोटात बाण लागल्यास तेच मरण कित्येक तास लांबते. म्हणून पुढच्या पायामागील छातीचा भाग हेच ग्राह्य लक्ष्य ठरले. हरीण पूर्ण आडवे उभे असताना किंवा किंचित पाठमोरे तिरके असतानाच बाण सोडावा. समोरासमोर, डोक्यावर, मानेवर किंवा मागील भागावर सोडू नये, असा दंडक रूढ झाला.

मचाणामुळे हे गणित बदलले. उंचीमुळे शिकाऱ्याचा गंध व हालचाल हरणाच्या लक्षात येणे कठीण होते आणि ते जवळ येते. मात्र जवळ आल्यानेच बाणाचा कोन तीव्र होतो. बाण हरणाच्या छातीहून ६ मीटर उंचावरून सुटतो असे धरल्यास २० मीटर आडव्या अंतरावर हा कोन सुमारे १७ अंश असतो, तर ५ मीटरवर तो ५० अंशांपर्यंत जातो. इतक्या तीव्र कोनात बाण पाठीजवळून शिरून एकच फुप्फुस भेदण्याची शक्यता वाढते. तो आरपार गेला नाही तर रक्त छातीतच साठते, जमिनीवर माग उरत नाही आणि जखमी हरीण दूर निघून जाते. यास्तव बाण कोठे शिरेल यापेक्षा तो पलीकडून कोठे बाहेर पडेल याचा विचार आधी करावा, असे मचाणावरील शिकाऱ्यास शिकविले जाऊ लागले.

दुसरी अडचण प्रत्यंचेच्या आवाजाची. २० मीटर अंतरावर ध्वनी सुमारे ०.०६ सेकंदांत पोहोचतो. सेकंदाला ८० मीटर वेगाच्या बाणास ०.२५ सेकंद लागतात. या अवधीत दचकलेले हरीण उसळी घेण्यासाठी अंग खाली दाबते आणि अचूक धरलेला नेमही चुकतो. हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांच्या कप्पीयुक्त धनुष्याने (पेटंट १९६९) बाणाचा वेग वाढला व ताणलेली प्रत्यंचा अधिक वेळ धरून ठेवणे सुकर झाले. परंतु ही अनिश्चितता पूर्णपणे नाहीशी झाली नाही.

कायदा आणि विवेक :

याच अनिश्चिततेवर निरनिराळ्या समाजांनी निरनिराळी उत्तरे दिली. इंग्लंड व वेल्समध्ये १९६३ च्या हरीणविषयक कायद्याने बाणाच्या वापरास मनाई केली. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा समावेश केला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही जवळजवळ संपुष्टात आली. अमेरिकेने मात्र हंगाम, परवाना आणि प्रशिक्षण यांच्या चौकटीत निर्णय व्यक्तीवर सोपविला. स्वतः धनुष्ये घडविणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९४९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, शिकाऱ्याच्या वर्तनाला प्रेक्षक नसतो. तेथे त्याचा विवेक हाच एकमेव पंच असतो.

हा विवेक पुरेसा आहे काय, या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. मेरीलँडमधील नौदलाच्या एका तळावरील नोंदींवर आधारलेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आधुनिक धनुष्ये वापरूनही जखमी होऊन न सापडलेल्या हरणांचे प्रमाण सुमारे १८ टक्के आढळले. समर्थक यास सुधारता येण्याजोगी त्रुटी मानतात, तर विरोधकांच्या मते हा त्या शस्त्राचाच दोष आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, शस्त्र सुधारले म्हणून नीती आपोआप सुधारली नाही. जखमी हरणाचे दुःख हा शिकाऱ्याच्या जबाबदारीचा भाग मानला गेला, तेव्हाच नेमाचे नियम आकारास आले. त्या नियमांतील सर्वांत महत्त्वाचा भाग बाण न सोडण्याचा आहे. आणि त्याचे पालन झाले की नाही, हे कोणत्याही परवान्यावरून किंवा शिकारीच्या नोंदवहीवरून कळत नाही. मारलेल्या हरणांची मोजदाद होते, सोडून दिलेल्यांची होत नाही. पर्यावरणीय नीतीच्या अभ्यासकांनी या मर्यादेचा विचार शिकारीच्या समर्थनात आणि विरोधातही करणे आवश्यक आहे.